नवमीला उचललेलं हत्यार

खंडेनवमीच्या दुपारी, हळदकुंकू लावून पूजेत मांडलेला ग्राइंडर मी उचलला आणि दहा मिनिटं चालवला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीत नाही, आणि ज्याचा तो ग्राइंडर होता त्या दत्ताला तर नाहीच नाही. सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी वाटलं होतं, एवढंसं तर आहे, जाईल विसरून. काही गोष्टी विसरायला माणूस निदान त्या गावापासून लांब तरी असावा लागतो. मी तळेगावात राहतो आणि दत्ताचं दुकान कामशेतच्या पुढे, पवनेच्या रस्त्याला. मधे अर्ध्या तासाचं अंतर. विसरणार काय कपाळ.

आश्विन लागला की माझी चिडचिड सुरू होते. सोमाटण्याच्या फाट्यावर झेंडूचे ढीग पडतात, टेम्पोच्या टेम्पो, आणि त्यांचा तो कडवट ओला वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येतो. बायको म्हणते, "तुम्हाला झेंडूचं काय हो वावडं आहे? दाराला तोरण लावायचं म्हटलं की तोंड वाकडं." मी म्हणतो, शिंका येतात. तिने सहा वर्षांत मला झेंडूने एकदाही शिंकताना पाहिलेलं नाही, पण ती बिचारी काही बोलत नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात तसं घरोघरी अशी एखादी शिंक असावी.

खरं तर मावळातला याच्याइतका देखणा काळ दुसरा नाही. धबाबा पाऊस सरलेला असतो. डोंगर धुऊन वाळत घातल्यासारखे दिसतात, उतारांवर सोनकी पिवळीधम्मक झालेली, तेरड्याने मात्र आता आटोपतं घेतलेलं. खाचरांत भात निसवलेलं असतं आणि दुपारच्या उन्हात त्याचा असा वास सुटतो की गाडी बाजूला लावून माणसाने नुसतं उभं राहावं. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं तशी उभीही राहतात. फोटो काढतात, बांधावर बसून वडापाव खातात, आणि खंडाळ्यापासून खालपर्यंत वाहनांची रांग लागते. त्या रांगेत अडकून मी हॉर्न वाजवत असतो. माझ्यासारख्या माणसाला हा ऋतू शोभतच नाही. मधेच हस्ताचा पाऊस गडगडत येतो, तास-दीड तास झोडपतो आणि जसा आला तसा जातो. त्या वर्षी या पावसाने आम्हाला नको नको केलं होतं.

दत्ताची आणि माझी ओळख कंपनीतली. माझी नोकरी जोड तपासण्याची. वेल्डिंग झालेला माल माझ्या टेबलाशी येतो, मी भिंग लावतो, जोडावर पातळ रंग सोडून त्यात उमटणाऱ्या भेगा बघतो, आणि मग हिरवी चिठ्ठी किंवा लाल चिठ्ठी. दत्ता आमच्याकडे दोन वर्षं कंत्राटावर होता. त्याचा जोड बघितला की घट्ट घातलेली वेणी आठवायची, एकसारखी, कुठे सैल नाही, कुठे गाठ नाही. दोन वर्षांत मी त्याला एकही लाल चिठ्ठी दिली नाही. पुढे कंत्राट संपलं, त्याने गावाकडे पत्र्याची शेड घातली आणि खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करायला लागला. मी रविवारी चहाला जायचो. तो मला आधी चेष्टेने 'सायेब' म्हणायचा, मग ती सवयच झाली.

होडीची कल्पना त्याची. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, यांचं उरलेलं रान पवनेच्या धरणाच्या पाण्यापलीकडे होतं. बाकीचं केव्हाच पाण्याखाली गेलेलं. पलीकडे जायचं तर रस्त्याने मोठा वळसा, नाहीतर लाकडी होडी. आबा सत्तरी ओलांडल्यावरही स्वतः वल्हवत जायचे. मग त्यांचा खांदा गेला. हात वर होईना, तरी होडीत बसायचा हट्ट सुटेना.

"आबाला घिऊन जाईल आशी होडी करायची," दत्ता म्हणाला. "ॲल्युमिनियमची. हलकी. अन् बिगरपात्याची."

बिनपात्याची का, तर पवनेच्या पाण्यात जुनी झाडं अजून उभी आहेत, नुसते खुंट. वर जाळी, दोऱ्या, गवत. मागे पाती फिरणारं इंजिन लावलं की पहिल्याच फेरीत पातं गुंडाळलं जातं नाहीतर मोडतं. जेट पंपाचं तसं नसतं. होडीच्या तळाला एक तोंड ठेवायचं, आतला पंखा तिथून पाणी ओढतो आणि मागच्या नळीतून जोरात फेकतो, त्या जोरावर होडी पुढे जाते. बाहेर काहीच फिरत नाही. असा पंप आम्हाला मिळालाही, बंद पडलेल्या एका जलक्रीडा केंद्राच्या भंगारात, पाण्यावरच्या मोडक्या स्कूटरच्या पोटात. इंजिनासकट. तो भंगारात का होता याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही.

श्रावणापासून नवरात्रापर्यंतचे सगळे रविवार त्या पंपाने खाल्ले. मी आयुष्यात एवढा वैतागलो नव्हतो. स्कूटरचं अंग वेगळ्या आकाराचं, आमच्या होडीचा तळ वेगळा. पंप बसवावा तर इंजिन तिरकं, इंजिन सरळ करावं तर पंप तिरका. दोघांच्या मधला दांडा केसभर जरी वाकडा राहिला तरी सगळं धडधडायला लागायचं, दात हलावेत तसं. गंजलेले बोल्ट फिरवायला जावं तर अर्धा हातात, अर्धा आतच. मी कागदावर नकाशे काढायचो, मापं घ्यायचो, तीनदा घ्यायचो, आणि चौथ्यांदा माप वेगळं यायचं. दत्ता शांत. तो पत्रा पुसत बसायचा. पावसाळी हवेत ॲल्युमिनियमचा जोड धरत नाही, जरा ओल राहिली की आत बुडबुडे.

"ॲल्युमिनियम म्हंजी जावई हाय सायेब," तो फडकं फिरवत म्हणायचा. "आदी पाय धुवाया पानी, मग बसाया पाट, मग बोलनं. घाई केली की रुसला."

दुकानाबाहेर एका रिकाम्या पिंपावर सोपानतात्या बसलेले असायचे. जन्मभर ट्रक चालवून आता निवृत्त. त्यांना या होडीत रस होता तो आमची फजिती बघण्यापुरता.

"काय हो इंजिनेर," ते मला म्हणायचे, "ह्यो पंप हिरीवर बसीवला आसता तर एव्हाना दोन एकर भिजलं आसतं."

"तात्या, गप बसा," दत्ता म्हणायचा.

"मी गपच हाय. तुमचा पंप बी गपच हाय. दोगं गप बसलोय."

मी इंजिनियर नाही, हे त्यांना दहादा सांगून झालं होतं. दहादा त्यांनी मान डोलावली होती.

पंपाच्या तोंडाभोवतीचा जोड दत्ताने बाहेरून मारला, चारही बाजूंनी, बोटाएवढा जाड. आतून मारायचा राहिला, कारण आत पंप बसलेला होता आणि आर्गॉनची टाकी संपली होती. तो वायू नसला तर ॲल्युमिनियमला हात लावायचा नाही, जळून काळं होतं. टाकी भरून मिळायला दसऱ्यानंतरचा वार सांगितला होता. दत्ता म्हणाला, आत्ताच्या जोडावर काठाकाठाने चालवून बघायला हरकत नाही, पंप ओढतोय का ते तरी कळेल.

अष्टमीला होडी पाण्यात घातली. इंजिन चालू केलं, वेगाची दोरी ओढली, आणि पंप असा किंचाळला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. होडी मात्र जागची हलेना. नुसता आवाज, मागे पांढरा फेस, आणि आम्ही तिथेच. पंपाच्या पोटातून मी लोणावळ्याच्या चिक्कीचा एक कागद, नायलॉनच्या दोरीचा गुंता आणि कुणाच्या तरी चपलेचा अंगठा काढला. तरी तेच. सोपानतात्या काठावरून ओरडले, "आवाजानं जात आसती तर लोनावळ्याला पोचली आसती!"

कारण मला कळलं. तोंडापुढे तो बोटभर जाडीचा जोड उंचवट्यासारखा आडवा आला होता. वाहतं पाणी त्यावर आपटून फुटत होतं आणि पंप पाण्याऐवजी फेस पीत होता. जोड घासून तळाशी सपाट केला की काम होणार. मी तसं सांगितलं. दत्ता पाण्यात कमरेएवढा उभा राहून ऐकत होता.

"बरूबर हाय तुमचं," तो म्हणाला. "पन आदी आतनं जोड मारू द्या मला. आतनं धरलं की भाईरचं घासा पायजे तेवढं. आत्ता घासलं तर नुस्ती साय ऱ्हाईल वर. दसरा ऱ्हाऊ द्या सायेब. पुनवेला टाकू पान्यात."

आबा काठावर धोतराचा सोगा धरून उभे होते. "पुनवंला?" ते म्हणाले. "दसऱ्याला दारावर नव्या भाताच्या लोंब्या लागत्यात. माझ्या बापानं लावल्या, म्या लावल्या. त्या रानातल्याच लागत्यात. पुनवंला काय, पेंढा लावू?"

"आबा, वळशानं मोटरसायकलवर आणतो की."

"तू आणशील रं. मला जायाचंय."

आता हे बापलेकाचं बोलणं होतं. मी मधे पडायचं कारण नव्हतं. पण मी कंपनीतल्या चौघांना दसऱ्याला बोलावून बसलो होतो. या होडीचा नकाशा माझा, पंपाची जागा मी शोधली, हा कोन मी काढला, असं कॅन्टीनमध्ये दोन महिने सांगून झालं होतं. मी म्हणालो, "आबा, दसऱ्यालाच जाऊ. शब्द माझा."

दत्ताने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो होडीची दोरी गुंडाळायला लागला. तो असा न बोलणारा माणूस आहे, म्हणून तर माझ्यासारख्याचं फावतं.

दुसऱ्या दिवशी नवमी. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांना सुट्टी असते. दत्ताने शेडमध्ये पोतं अंथरून त्यावर सगळी हत्यारं मांडली होती, पाने, हातोड्या, ड्रिल, ग्राइंडर, धुऊन पुसून. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल, पुढे नारळ. नवमीला पूजा झाली की दसऱ्याला उठवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. दत्ता दुपारी बायकोला घेऊन कामशेतला बाजाराला गेला होता. शेडची किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं.

मी देवभोळा नाही. तरी ग्राइंडरवरचं फूल काढून बाजूला ठेवताना मी आजूबाजूला पाहिलं, हे खरं आहे. वीज त्या दिवशी नेमकी होती. एरवी पाच मिनिटं टिकायची नाही. शेडमध्ये परत आणून ठोकळ्यांवर ठेवलेल्या होडीखाली मी उताणा पडून जोड घासला. दहा मिनिटांत सपाट, हात फिरवला तर कळू नये इतका. ॲल्युमिनियमचा चुरा डोळ्यांत, नाकात, गळ्यात. आणि मग एका कोपऱ्यात मला रेघ दिसली. केसाएवढी बारीक.

कंपनीत अशी रेघ दिसली की काय करायचं ते मला झोपेतही सांगता येईल. लाल चिठ्ठी. काम बंद. त्या रेघेसाठीच मला पगार मिळतो. इथे मी त्या रेघेत पुट्टी भरली. वरून राखाडी रंगाचा हात दिला. ग्राइंडर पुसून होता तसा पोत्यावर ठेवला. कुंकू फिसकटलं होतं, ते ताटातलं घेऊन बोटाने पुन्हा लावलं. फूल ठेवलं. ठेवताना ते नीट बसेना, घरंगळायचं. दोनदा घरंगळलं. मी त्या फुलावर चिडलो.

दसऱ्याच्या सकाळी दत्ताला सांगितलं, काल येऊन गेलो, पंख्यात अजून कचरा होता, काढलाय, आता ओढेल.

"हातानंच काडला न्हवं? काल नवमी व्हती."

"हातानंच."

"मग झालं." त्याने खाली वाकूनही पाहिलं नाही. सायबांनी बघितलंय म्हणजे बघितलंय.

होडी चालली. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण तेवढी दोन मिनिटं खरी होती. पंपाचा आवाज बदलला, किंचाळणं थांबून घुमायला लागला, मागे पाण्याचा जाड दांडा उसळला आणि होडी काठ सोडून अशी निघाली की बायका हसायलाच लागल्या. आत दत्ता आणि आबा. तिसरं वजन नको म्हणून मी काठावर, हातात मोबाइल. आबांनी तरंगायचं जाकीट अंगात घालायचं नाकारलं होतं, ते त्याच्यावर बसले होते. पागोटं वाऱ्याने मागे ओढलं जात होतं आणि ते एका हाताने धरून ते पलीकडे, आपल्या रानाकडे बघत होते. माझे कंपनीतले चौघे टाळ्या वाजवत होते. मी चित्रीकरण करत होतो.

निम्म्यावर आवाज पुन्हा बदलला. मग बंद पडला. होडीचं मागचं टोक खाली जाताना मला मोबाइलच्या पडद्यावर दिसलं, आणि तरी काही क्षण मी मोबाइल खाली केला नाही. जवळच जाळं टाकणारे दोघे भोई होते म्हणून. त्यांनी आधी आबांना ओढून घेतलं, मग दत्ताला. होडी इंजिनासकट गेली. जुन्या नदीच्या पात्रावर गेली, जिथलं पाणी मे महिन्यातही आटत नाही.

काठावर आबांना घोंगडीत गुंडाळलं. ते कुडकुडत होते, ओठ निळे. दत्ता ओल्या अंगाने त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने आधी तेच सांगितलं. "आबा, जोड फाटला. पंपाच्या कडंनं पानी आलं. मी हात लावून बघितला. माजा जोड गेला."

आबांनी विचारलं, "काल हत्याराला हात कुनी लावला?"

सगळे आपापल्या हातांकडे बघायला लागले. सोपानतात्यासुद्धा.

"मी लावला, आबा," दत्ता म्हणाला. "पाना. सकाळी पूजा झाल्यावर. नळीची पट्टी ढिली दिसली म्हून दोन येढं दिलं. परत ठिवला लगेच."

दोन वेढे. एका पट्टीला. त्याचं नाव कुणी घेतलं नसताना त्याने ते सगळ्या गावासमोर सांगून टाकलं. मला त्या क्षणी त्याचा इतका संताप आला. कुणी मागितलं होतं?

मग आबांनी मान वळवली. "सायेब, तुमी?"

"नाही," मी म्हणालो.

तेवढंच. एक शब्द. ॲल्युमिनियमला नवमी कळत नाही, त्याला जाडी कळते, हे मला त्या काठावरच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. पाण्याला दत्ताच्या पान्याशी काही देणंघेणं नव्हतं. तरी आबांचा प्रश्न बरोबर होता. ज्या कारणाने त्यांनी विचारला ते चुकीचं असेल, पण प्रश्न नेमका होता, आणि तो नेमक्या माणसापर्यंत येऊन माझ्या एका शब्दाने परत गेला.

आबा आठ दिवसांत हिंडू-फिरू लागले. पण पोराच्या हातची वस्तू त्यांनी पुन्हा वापरली नाही. दत्ताने त्यांच्यासाठी केलेली लोखंडी खाट त्यांनी अंगणात काढून ठेवली आणि जमिनीवर घोंगडी टाकून झोपायला लागले. थंडीत, गुडघे धरलेले असताना. वैनी, म्हणजे दत्ताची बायको, एकदा माझ्यादेखत वैतागून म्हणाल्या, "आबा, ही खाट हाय, व्हडी न्हाई. बुडनार हाय का घरात?"

"हात त्योच हाय," आबा म्हणाले.

दत्ता दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. मी चहाची कपबशी हातात धरून बसलो होतो. मीही ऐकलं, आणि चहा प्यायलो.

दोन वर्षांनी आबा गेले, जमिनीवरच, त्या घोंगडीवर. तिरडीपाशी दत्ता मला म्हणाला, "जाताना तरी खाटेवर गेला आसता." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुठला हात ते बघायचं धैर्य झालं नाही.

दत्ताने आर्गॉनचा संच विकला. आता फक्त लोखंडाचं काम करतो, जाळ्या आणि फाटकं. ट्रॉल्याही घेत नाही, ट्रॉलीत माणसं बसतात म्हणतो. कधी मधे विषय निघाला तर एकच बोलतो, "त्यो जोड एकदा बगाया मिळाला पायजे व्हता, सायेब. कुटं चुकलो त्ये तरी कळलं आसतं." आणि मी, जोड बघण्यात आयुष्य गेलेला माणूस, म्हणतो, "जाऊ दे रे." मे महिन्यात पाणी उतरलं की मी काहीतरी निमित्त काढून त्या काठाने गाडी नेतो. खुंट वर आलेले असतात, जुन्या बांधांच्या रेघा दिसतात. होडी दिसत नाही. दिसू नये म्हणून जातो की दिसावी म्हणून, हे मला ठरवता आलेलं नाही, आणि याचाही वैताग येतो. इतक्या वर्षांनी माणसाला निदान आपल्याला काय हवंय ते तरी कळायला हवं.

दिवाळी झाली की दत्ता पलीकडच्या रानातला नवा तांदूळ आणून देतो. नको म्हटलं तरी देतो. "आबाच्या रानातला हाय, तुमी त्येच्यासाटी लय केलतं." बायको त्याचा भात लावते, घरभर वास सुटतो, शेजारच्या काकू विचारतात कुठून आणला. मी खातो. मीठ कमी आहे, पाणी जास्त झालं, काहीतरी खोट काढतो आणि खातो.

तर हे असं चाललं असतं. माझी चिडचिड, बायकोचं सोसणं, झेंडू, तांदूळ. घटस्थापनेच्या दिवशी दत्ताचा फोन आला. पलीकडच्या वाडीवरची माणसं त्याच्याकडे आली होती. त्यांची लाकडी होडी कुजलीय. तळाला पाय दिला की मऊ लागतो, एक जण सतत पाणी उपसत बसतो, आणि तशातच बायका बाजाराला आणि दवाखान्याला ये-जा करतात. त्यांना पत्र्याची होडी हवी आहे, आणि ती दत्तानेच करावी असं त्यांचं म्हणणं. सहा वर्षांपूर्वीचं त्यांना माहीत आहे. तरी आले.

"मी न्हाई म्हणलं," दत्ता म्हणाला. "म्हातारी व्हती त्यात येक, पाया पडाया लागली. तरी न्हाई म्हणलं. धा मान्सं बसनार सायेब, धा! माज्या हाताचा इस्वास मलाच न्हाई, त्यास्नी काय दिऊ?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या वळखीत कुनी आसंल तर सांगा. तुमी रोज जोड बगता. तुमाला हात कळतो. कुनाचा हात चांगला हाय, तुमीच सांगा."

"बघतो," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत गेलो. खाली कुणीतरी गाडी आडवी लावली होती, त्याच्यावर ओरडलो. वॉचमनवर ओरडलो. पावसाचे चार थेंब आले, त्यांच्यावरही ओरडलो असतो. बायको आतून आली आणि म्हणाली, "कुणावर रागावला आहात? नक्की सांगा एकदा."

त्यानंतर मी हे लिहायला बसलो. लिहिताना कळतंय की लिहिणं सोपं आहे. दत्ता असलं काही वाचत नाही, वैनी वाचत नाहीत, सोपानतात्यांचा चष्मा फुटून वर्ष झालं. इथे मी कितीही खरं बोललो तरी तिकडे त्या शेडमध्ये काही बदलत नाही, आणि वाडीवरची माणसं आजही पाणी उपसत येताहेत. आबांना सांगायचं होतं ते राहिलं. ते आता राहिलंच, त्याला इलाज नाही. दत्ताचं तसं नाही. तो अर्ध्या तासावर आहे आणि त्याने मला एक प्रश्न विचारून ठेवलाय.

त्याचं उत्तर मला दोन वर्षं त्याचा माल तपासताना कळलं होतं. मावळात मी पाहिलेल्या हातांत सगळ्यात चांगला हात त्याचा आहे. फाटला तो त्याचा जोड नव्हता. मी घासून, भेग बुजवून त्याचं जे उरवलं होतं ते होतं. हे त्याला त्याच्या दुकानात, वैनी आणि तात्या ऐकत असताना, त्याच्याकडे बघून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.